आंटीचं मत

सिंगापूर सोडून आता बरीच वर्षं झाली. तिथले मॉल, ऑफिसातले चेहरे, एमआरटीच्या स्टेशनांचा क्रम हे सगळं आठवायला हल्ली प्रयत्न करावा लागतो. पण मरीन परेडमधल्या त्या फ्लॅटचं स्वयंपाकघर आपोआप डोळ्यांसमोर उभं राहतं. खिडकीतून समुद्र दिसायचा नाही, कारण समोरच्या कॉन्डोच्या उंच इमारतीने तो अडवला होता. वारा मात्र यायचा. खिडकीखाली गोल टेबल होतं, त्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलेलं, आणि एका खुर्चीवर आंटी पाय वर घेऊन बसलेली असायची.

आंटी म्हणजे माझी घरमालकीण. साठी ओलांडलेली चिनी बाई, नवरा जाऊन काही वर्षं झालेली, एकुलता मुलगा मेलबर्नला. आयुष्यभर तिने एका प्राथमिक शाळेच्या ऑफिसात काम केलं होतं. मी नागपूरहून पीएचडी करून आले होते आणि एका संशोधन संस्थेत रुग्णांच्या आकडेवारीचं काम करत होते. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी आहे तोवर मुक्काम. खोली बघायला गेले तेव्हा तिने मला दोनच प्रश्न विचारले. लग्न झालंय का, आणि स्वयंपाकात तळण किती असतं? मी दोन्हींची उत्तरं खरी दिली. ती म्हणाली, "तळताना खिडकी उघडायची, ओके लाह?" आणि किल्ली हातात ठेवली.

ती मला नावाने कधी हाक मारायची नाही. "गर्ल" म्हणायची. मी तिशीला आले तरी गर्लच होते. माझ्या खोलीत फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती होती, ती बघून तिला फार बरं वाटलं. तिच्या हॉलमध्ये क्वान यिन या बौद्ध देवीचा देव्हारा होता. "एकाच घरातले," ती म्हणाली. कधीतरी रविवारी मी कोथिंबिरीची सांभारवडी करायचे, तेव्हा चार वड्या ती डब्यात घालून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाच्या ग्रुपमधल्या बायकांना खाऊ घालायची. "माझ्या गर्लने केलंय," असं सांगायची म्हणे. त्या काळात मला परकं वाटलं नाही याचं मोठं कारण ती होती.

२०१५ साली तिथे निवडणूक लागली. खांबाखांबांवर पोस्टर चढली. मला त्यात काही करायचं नव्हतं. आल्या आल्या सगळ्या जुन्या मराठी मंडळींनी एकच सल्ला दिला होता, इथे आपण कामाशी काम ठेवायचं, राजकारणावर बोलायचं नाही, फेसबुकवर तर मुळीच नाही. आंटीही त्या विषयावर गप्प असायची. एकच पक्ष इतकी वर्षं राज्य करत होता की आपल्याला मत द्यायचं असतं हेच ती विसरून गेली होती. तिच्या भागात बहुतेक वेळा विरोधात कुणी उभंच राहायचं नाही, मग मतदानही व्हायचं नाही. साठी उलटली तरी जेमतेम एखाद-दोनदा तिने मत दिलं असेल.

एका शनिवारी दुपारी तिने मला हाक मारली. "गर्ल, तुझा कॉम्प्युटर इकडे आण."

व्यायामाच्या ग्रुपवर कुणीतरी एक लिंक पाठवली होती. फोनवर अक्षरं तिला दिसत नव्हती. मी लॅपटॉपवर उघडली. वेगवेगळ्या धोरणांबद्दल प्रश्न होते, त्यांची उत्तरं द्यायची आणि शेवटी साइट सांगणार की कुठल्या पक्षाचे विचार तुमच्या विचारांना सगळ्यात जवळचे आहेत.

"हे सरकारचं आहे का?" आंटीने विचारलं.

मी खाली जाऊन वाचलं. "नाही. काही तरुण मुलांनी हौसेने केलंय असं लिहिलंय."

"लिहिलंय," ती म्हणाली. "सरकारचं असतं तरी असंच लिहिलं असतं."

मी म्हटलं, "आंटी, मी परदेशी आहे. मी यात नको."

"तू फक्त वाच. उत्तरं मी देते. वाचायला काय पास लागतो का?"

मग मी वाचायला लागले. पहिला प्रश्न बसच्या भाड्याचा होता. खाली पाच बटणं, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. आंटी म्हणाली, "मधलं दाब." दुसरा दवाखान्याच्या खर्चाचा. "मधलं." तिसरा, चौथा, सगळ्यांना मधलं.

"आंटी, सगळीकडे मधलंच दाबलं तर ते काय सांगणार तुम्हाला?"

"मधलं सेफ असतं."

पुढचा प्रश्न शाळेचा निघाला. प्राथमिक शाळा संपताना मुलांची जी मोठी परीक्षा होते, तिच्यावरून पुढची शाळा ठरते, ती तशीच ठेवावी का? मी वाचून मान वर केली. आंटी खिडकीकडे बघत होती.

"निकालाच्या दिवशी मुलं माझ्या ऑफिसात येऊन रडायची," ती म्हणाली. "वर्गात रडायची लाज वाटायची ना, म्हणून ऑफिसात. एवढी एवढीशी मुलं. मी बिस्किटं आणून ठेवायचे. शेवटचं बटण दाब. पूर्ण असहमत."

त्यानंतर तिने मधलं बटण एकदाही दाबू दिलं नाही. मागे जाऊन आधीची उत्तरंसुद्धा बदलून घेतली. बसच्या भाड्यावर ती पाच मिनिटं बोलली. दवाखान्यावर नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणाची सगळी हकीकत सांगितली, जी मी तोवर ऐकली नव्हती. मला गंमत वाटायला लागली होती. एकीकडे चहा उकळत होता, मी वाचत होते, आणि ही शांत बाई टेबलावर हात आपटून म्हणत होती, "हे कोणी ठरवलं? मला विचारलं?"

आणि मग तो प्रश्न आला. माझ्या डोळ्यांनी तो आधी वाचला, तोंड उघडायला वेळ लागला.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले आणि वाचला. परदेशातून येऊन नोकऱ्या करणाऱ्यांची संख्या सरकारने कमी करावी का?

आंटीने माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरच्या प्लास्टिकची एक सुरकुती ती बोटाने सरळ करत राहिली. चहा उतू जाईल म्हणून मी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसले.

"सहमत," ती शेवटी म्हणाली. "पूर्ण."

मी बटण दाबलं.

"तू नाही हं," ती घाईने म्हणाली. "तू इथेच राहतेस."

मी हसून मान हलवली. उरलेले प्रश्नही वाचले, पण आवाज माझा मलाच कोरडा लागत होता. शेवटी निकाल आला. पक्षांची नावं, त्यांच्यापुढे रंगीत पट्ट्या. सगळ्यात लांब पट्टी एका विरोधी पक्षाची होती. राज्य करणारा पक्ष बराच खाली.

आंटी चष्मा लावून पुढे वाकली. बराच वेळ बघत राहिली. "याला माझं नाव माहीत आहे का?"

"नाही. आपण कुठे नाव घातलं?"

"हा कॉम्प्युटर तुझा आहे. तुझं नाव माहीत असेल."

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"पुसून टाक," ती म्हणाली. मी तिच्यासमोर ब्राउझरमधलं सगळं पुसलं. तरी तिने लॅपटॉपचं झाकण स्वतःच्या हाताने बंद केलं.

त्या दिवसानंतर मी स्वयंपाकघरात बसणं टाळायला लागले. चहा घेऊन खोलीत जायचे. आंटी काही चुकीचं बोलली नव्हती. तिला विचारलं गेलं, तिने उत्तर दिलं. पण रोज एकाच टेबलाशी जेवणाऱ्या दोघींमध्ये जे न बोलता चाललं होतं, ते त्या पडद्यावरच्या वाक्याने उघडं करून ठेवलं. एकदा मी एकटीनेच ती साइट उघडून माझी उत्तरं भरून पाहिली. परदेशी लोकांच्या प्रश्नावर आले आणि मला कुठलंच बटण दाबवेना. तो सोडून पुढे गेले.

रविवारी आईचा फोन आला. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग त्यात काय झालं? आपल्या इथंबी लोक बाहेरून आलेल्यायबद्दल बोलूनच राहिले ना. अन् ते बाई तुले तोंडावर बोलली. मागून बोलली असती तं?" मग आईने विचारलं, "ते मत देणार आहे न पण?" मी म्हटलं, द्यावंच लागतं, तिथे सक्ती आहे. "सक्ती?" आई हसली. "आपल्याले कोणी सक्ती केली तरी काय, अन् नाही केली तरी काय. आपण जातोच."

एक दिवस सकाळी आंटी व्यायामाहून परतली ती थेट माझ्या दाराशी. ओठ दाबून हसत होती.

"गर्ल, ऐक. ग्रुपमधल्या सगळ्यांनी ते प्रश्न सोडवलेत. सगळ्यांचा निकाल एकच आला म्हणे. सरकारी पक्ष, सगळ्यात वर. सगळ्या जणींचा!"

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"मीही तेच सांगितलं."

आम्ही दोघी दारात उभ्या राहून इतक्या हसलो की शेजारच्या फ्लॅटची बाई गेट उघडून बघायला लागली. मग आंटी एकदम गंभीर झाली. "एक जण नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, असले खेळ खेळू नकोस, त्यांना कळतं. मी विचारलं, तू का खेळलीस मग? तर म्हणाली, माझा निकाल बरोबर आला ना."

मतदानाच्या आदल्या दिवशी तिथे प्रचार बंद असतो. लोकांनी शांतपणे विचार करावा म्हणून. कूलिंग-ऑफ डे म्हणतात. त्या संध्याकाळी मी कामावरून आले तर आंटी चपला घालून तयार. "चल, ईस्ट कोस्टला." वाटेत हॉकर सेंटरमधल्या एका खाण्याच्या गाळ्यावरून तिने दोघींसाठी कोपी घेतली, दोरीने बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांमधली. पिशवी बोटाला अडकवून, नळीने कॉफी ओढत आम्ही समुद्राच्या कडेने चालत राहिलो. लांबवर जहाजं ओळीने उभी होती. लहान मुलं सायकली शिकत होती. तो वास, ती माणसांची निवांत वर्दळ, बोटाला घासणारी ती दोरी, सगळं आज इथे बसूनही जाणवतं.

एका बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "माझा मुलगा इंजिनियर आहे, माहितीये ना तुला?"

"हो."

"तो हौसेने मेलबर्नला गेला नाही. चाळिशीत त्याची नोकरी गेली. त्याच्या जागी तरुण माणूस आला, बाहेरून, कमी पगारात. त्यात त्या माणसाची काय चूक? पण माझा मुलगा वर्षभर घरी बसला. तू राहतेस ना, त्याच खोलीत. मी प्रश्नाचं उत्तर दिलं, गर्ल. तुझ्याबद्दल नाही दिलं."

ज्या पलंगावर मी झोपत होते, त्यावर तो माणूस वर्षभर छताकडे बघत पडलेला मला दिसायला लागला. मी तिला म्हटलं, "आंटी, मला वाईट वाटलं होतं. आता नाही वाटत." आणि ते खरं होतं, बऱ्याच अंशी.

मग मी तिला माझ्या आईबद्दल सांगितलं. मतदानाच्या दिवशी आई भल्या पहाटे उठते, न्हाते, पांढरी साडी नेसते आणि रांगेत पहिल्या दहाजणांत असते. आईच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, पण मतदान सुरू झालं तेव्हा ज्यांची ती विहीर, त्यांच्याच रांगेत ते उभे राहिले. आंटीला हे कळायला वेळ लागला. विहिरीवर पाणी का भरू देत नव्हते हे मला तीनदा समजावून सांगावं लागलं.

"आणि त्यांना कळायचं, आजोबांनी कुणाला मत दिलं ते?"

"धमक्या द्यायचे. पण चिठ्ठी आत पडली की कुणाला कळणार?"

"आमच्या मतपत्रिकेवर नंबर असतो," आंटी म्हणाली. "सरकार सांगतं, मत गुप्त आहे, नंबरचा काही संबंध नाही. खरंही असेल. माझा नवरा सरकारी नोकरीत होता, तो म्हणायचा, गुप्त आहे, पण आपण कशाला परीक्षा बघा?" कोपीची नळी ती चावत राहिली. "त्या साइटने मला एक गोष्ट विचारलीच नाही."

"कुठली?"

"माझ्या आईची कबर. जुन्या स्मशानातली. ती जागा हवी आहे त्यांना, नोटीस आलीय. दरवर्षी चिंग मिंगच्या सणाला आम्ही तिथे जातो, गवत काढतो, संत्री ठेवतो. एवढे प्रश्न विचारले, पण मेलेल्यांना कुठे ठेवायचं ते कुणी विचारलं नाही."

मी कामाच्या सवयीने तिला सांगू लागले की साइट फक्त पक्षांनी जे छापलंय त्याच्याशी तुमची उत्तरं जुळवते, जे कुणाच्याच जाहीरनाम्यात नाही ते तिथे येणार नाही. ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी आधी ठरवायचं काय बोलायचं, मग मी सांगायचं की मला त्यातलं काय आवडलं. रेस्टॉरंटच्या मेनूसारखं." मग लगेच, "तरी पण बरं झालं, सोडवलं ते. मला इतकं काही वाटतं हे मलाच माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आंटीने फुलांचा ब्लाऊज घातला, केस नीट बसवले. "तुझी आई नटते, मग मी पण," म्हणाली. केंद्र जवळच्या शाळेत होतं. मी फाटकाच्या बाहेर झाडाखाली थांबले, मला आत जायचं कारण नव्हतं. लोक आत जात होते, बाहेर येत होते, कुणाचाच चेहरा काही सांगत नव्हता. आंटी बाहेर आली ती हातातली पर्स पोटाशी धरून.

"झालं?"

"झालं. पेन्सिल नव्हती, पेन होतं. पुसता येत नाही." एवढंच बोलली. आम्ही जाऊन नारळाच्या रश्शातल्या शेवयांचा लाक्सा खाल्ला. तिने कुणाला मत दिलं हे मी विचारलं नाही. त्या रंगीत पट्टीचं तिने ऐकलं, की नवऱ्याचं, हे मला आजही ठाऊक नाही.

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला. राज्य करणारा पक्ष सगळ्यांना वाटलं होतं त्याहून मोठ्या फरकाने आला होता. आंटी व्यायामाहून परतल्यावर म्हणाली, "ग्रुपमध्ये सगळ्या खुश आहेत." स्वतः खुश आहे की नाही ते तिने सांगितलं नाही. पोहे खाल्ले आणि झोपली.

मला वाटलं, संपलं. पण काही आठवड्यांनी तिने विचारलं, खासदार लोकांना भेटतो त्या दिवशी माझ्याबरोबर येशील का? तिथे दर आठवड्याला कुठल्याशा इमारतीखालच्या मोकळ्या जागेत खासदार खुर्ची टाकून बसतो आणि लोक आपली गाऱ्हाणी सांगतात. इतक्या वर्षांत ती एकदाही गेली नव्हती. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून वाट पाहिली. तिची पाळी आली तेव्हा मी जरा मागे राहिले. तिचा आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की समोरच्याने तिला दोनदा परत बोलायला लावलं. तिसऱ्यांदा ती स्पष्ट बोलली. आईची कबर आहे, ती हलवू नका.

खासदाराने सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं, लिहून घेतलं, चौकशी करतो म्हणाला. उत्तरही आलं, सभ्यच. जागा लागणार होती. अस्थी नीट काढून, दहन करून, कलश ठेवायच्या इमारतीत जागा मिळणार होती.

मला वाटलं होतं ती खचेल. तिने उत्तर वाचलं, घडी केली आणि म्हणाली, "नाही म्हणाले. पण मी विचारलं."

कबर उघडली त्या सकाळी मी रजा काढून तिच्याबरोबर गेले. मेलबर्नहून मुलगाही आला होता. उंच, अबोल माणूस. माझ्या खोलीत राहिलेल्या माणसाला मी पहिल्यांदाच बघत होते. त्याने मला विचारलं, "खिडकीच्या बिजागऱ्या अजून कुरकुरतात?" मी म्हटलं, हो. तो पहिल्यांदा हसला. मजुरांनी माती काढली, हाडं एकेक करून पांढऱ्या कापडावर ठेवली. आंटीने काळी छत्री धरली होती, स्वतःवर नव्हे, त्या हाडांवर, त्यांना ऊन लागू नये म्हणून.

पुढे कलश फळीवर ठेवल्यावर तिने मला पुढे केलं. "तुमच्यातही बुद्ध आहे ना? तुमच्यात काय म्हणतात ते म्हण." मी हात जोडून त्रिसरण म्हटलं, घरी आई म्हणते तसं, नागपुरी चालीत. आंटीला त्यातलं बुद्धाचं नाव तेवढं कळलं, ते आलं की ती दर वेळी मान लववायची. मुलगा मागे उभा होता, त्यानेही लववली.

त्यानंतर मी तिथे आणखी दोन वर्षं राहिले. मग माझं काम संपलं आणि मी नागपूरला परत आले. निघायच्या दिवशी आंटी टॅक्सीपर्यंत खाली आली आणि ड्रायव्हरला दम देऊन म्हणाली, "सांभाळून ने लाह, माझी लेक आहे." तोवर मी कायम गर्ल होते. टॅक्सी वळली तेव्हा मागच्या काचेतून बघितलं, तर ती रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवत नव्हती, नुसती बघत होती.